छपराचं नव्हे, गळ्याचं कौल

"काय विणतेस?" ह्यांनी विचारलं.

"कौल," मी म्हणाले.

पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, "मंगलोरी की देशी?"

विनोद अगदीच टाकाऊ नव्हता. इंग्रजीत ज्याला काउल म्हणतात, ते गळ्यात घालायचं लोकरीचं गोल कडं. मफलरची दोन टोकं एकमेकांना जोडून टाकली की जे होईल ते. टोकंच नाहीत, म्हणून गाठ मारायला नको, स्कूटरवर वाऱ्याने उडत नाही, वाकून आमटी ढवळताना पातेल्यात बुडत नाही. याला मराठीत काय म्हणावं? गळपट्टा म्हटलं तर आमच्या आळीत गळपट्टा कुत्र्याच्या गळ्यात असतो. कानटोपी डोक्याची, मफलर दोन टोकांचा, शाल खांद्यावरची. उरलं काउल, आणि माझी जीभ मराठी असल्यामुळे त्याचं झालं कौल.

एका वस्तूला नाव नाही एवढीच तक्रार असती तर पेपरात लिहायला बसले नसते. स्वेटर हा शब्द आपण घेतला, पचवला, त्याचं कोणाला काही वाटत नाही. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, नाशिकला. ट्रंक कॉल, अर्जंट, लायटनिंग, पीपी, राँग नंबर हे शब्द दिवसभर तोंडात असायचे आणि त्यांनी माझं मराठी बिघडलं असं मला कधी वाटलं नाही. परकी नावं खुशाल येऊ देत. कृती सांगायचं मराठी मात्र आपल्या देखत नाहीसं होतंय, आणि त्याचा पत्ता मला या कौलामुळे लागला.

आधी कौलाचं सांगते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी खरी पडते. जिल्ह्यातल्या निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो, मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवतात. नाक्यावर तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. तेव्हा लोकर विणायला इथे निमित्त शोधावं लागत नाही. माझ्याकडे उरलेल्या लोकरीची एक पिशवी आहे. विणणाऱ्या प्रत्येक बाईकडे असते. पंचवीस-तीस ग्रॅमचे गुंडे, कोणाच्या तरी स्वेटरातून उरलेले. त्यातून चार पदरी लोकरीचे पाच रंग काढले: आमसुली, डाळिंबी, हळदी, मोरपंखी आणि पारवा.

इथे जरा थांबते. दुकानदाराच्या शेडकार्डावर या रंगांना नुसते आकडे असतात, नाहीतर मरून, टील, मस्टर्ड असलं काहीतरी. मी काउंटरवर "आमसुली द्या" म्हणाले तर तिथल्या तरुण मुलाने "आंटी, नंबर सांगा" म्हणून सांगितलं. त्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांनी न विचारता मागच्या फळीवरून नेमका तो गुंडा काढून दिला. चिंतामणी, गुलबक्षी, श्रीखंडी, अबोली, शेवाळी, विटकरी, मोतिया. लुगड्यांच्या दुकानांनी हे शब्द अजून जिवंत ठेवलेत, लोकरीच्या दुकानातून ते गेले. आमसूल बघितलेल्या माणसाला आमसुली कळतो. टील हे एका बदकाचं नाव आहे हे मला साठीनंतर कळलं, आणि ते बदक मी अजून नीट पाहिलेलं नाही.

तर पाच रंग आणि जाळीची वीण. जाळी विणणं अवघड असतं असा उगीच दरारा आहे. त्यात हिशोब एवढाच: सुईवर दोरा एक वेढा जास्त घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. वाढलेला टाका कुठेतरी मिटवायला हवा, म्हणून दोन टाके एकत्र विणायचे. जितकी भोकं तितक्या जोड्या. जमा आणि खर्च जुळले की सुईवरचे टाके जेवढ्यास तेवढे राहतात. सगळी गंमत ही की जोडी भोकाच्या शेजारीच घ्यावी असा नियम नाही. तीन जोड्या इकडे, तीन तिकडे आणि मध्ये ओळीने सहा भोकं घेतली तर जोड्यांच्या जागी कापड आक्रसतं, भोकांच्या जागी फुगतं, आणि सरळ विणत असूनही ओळ लाटेसारखी वरखाली होत जाते. चार फेऱ्यांनी रंग बदलला की लाटेवर लाट दिसते.

ही वीण मूळची शेटलंडची. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात जी बेटं आहेत तिथली. त्यातल्या अन्स्ट बेटावरच्या बायका इतक्या बारीक सुताची शाल विणत, की ती लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढून काढता येई. विणींची नावं त्यांनी आपल्या आजूबाजूचीच ठेवली: मांजराचं पाऊल, घोड्याची नाल, पाखराचा डोळा, लाटेची खूण. त्या बेटांवर जन्मलेला आर्थर अँडरसन पुढे पीअँडओ या बोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्यांच्या तोंडी जिचं नाव असायचं तीच ही कंपनी. त्याने गावाकडचं बारीक विणकाम राणी व्हिक्टोरियाला भेट म्हणून नेऊन दिलं, आणि बड्या घरांतून त्याला मागणी आली. विणणाऱ्या बायकांना मात्र व्यापारी पुष्कळदा रोख पैशांऐवजी चहा आणि कापड द्यायचे. १८७२ साली सरकारी चौकशीच्या अहवालात ते नोंदवलं गेलं. विणणाऱ्या बाईच्या वेळेला पैसा नसतो ही समजूत आपल्याकडचीच नाही, एवढंच यावरून समजायचं.

मला हा नमुना भाचीने वाढदिवसाला दिला. पाचशे रुपयांच्या आसपास मोजून नेटवरून घेतलेला, सहा पानी, रंगीत, संपूर्ण इंग्रजीत. सगळं संक्षेपात. के म्हणजे सुलट, पी म्हणजे उलट, वायओ म्हणजे दोरा पुढे, के टू टॉग म्हणजे दोन सुलट एकत्र. मला ते येतं. निवृत्तीनंतर वाचून वाचून शिकले.

१४४ टाके घालून सुरुवात केली. अठरा टाक्यांची एक लाट, आठ लाटा. तिसऱ्या दिवशी रात्री टीव्ही बघता बघता विणत होते. एका फेरीच्या शेवटच्या लाटेला एक टाका कमी पडला. म्हणजे मागे कुठेतरी एक दोरा घ्यायचा राहिला होता. शहाणी बाई अशा वेळी तिथेच थांबते आणि मागे जाऊन शोधते. मी शेवटच्या लाटेत एका जोडीऐवजी एक टाका साधाच विणला, १४४ चा आकडा भरून काढला आणि पुढे गेले. ऑफिसात कॅश जुळेना म्हणून खिशातला रुपया घालून हिशोब बंद करतात, त्यातलीच गत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी हात पुसत ते उचललं. उजेडाकडे धरलं. बोट ठेवत गेल्या. म्हणाल्या, "ताई, ही तिसरी लाट सरकली तुमची. हितं भोक राह्यलंय. हिच्यापुढं सगळ्याच एकेक टाका सरकल्यात."

मी चष्मा लावला. बरोबर होतं.

या बाई आठवी शिकलेल्या. लोकरीचं काम मुलाच्या वेळी दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून शिकल्या. पुढे नातवंडांची झबली, टोपडी, मोजे, सगळं नजरेने केलं. कोणाच्या अंगावर वीण दिसली की बसच्या दोन स्टॉपांत ती डोक्यात बसते. माझ्या पन्नास वर्षांच्या अनुभवाला जे दिसलं नाही ते त्यांना ओल्या हाताने दिसलं. बारा फेऱ्या उसवल्या. १ हजार ७२८ टाके. उसवताना बाजूला बसून लोकर गुंडाळायला त्याच होत्या.

(उसवण्यावरून आठवलं. अग्रलेखांमधून समाजाची वीण रोज उसवत असते. हाताने विणलेलं कापड जिथे टाके मिटवले त्या टोकाकडूनच सरसर उसवतं. जिथून विणायला सुरुवात केली त्या कडेकडून ओढाल तर धागा पावलोपावली अडकतो. अग्रलेख लिहिणाऱ्यांनी एकदा मोजा उसवून बघावा, रूपक जरा नेमकं होईल.)

लोकर गुंडाळून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "मला लिहून द्या ना ताई हे. माझ्या नातीला करते. बघून करीन, पण ही गोल सुई मला नवी, फेरीचा हिशोब चुकतो."

"देते की," मी म्हणाले, आणि त्या दुपारी कागद घेऊन बसले. पहिली ओळ लिहिली: के टू टॉग तीन वेळा. खोडली. लिहिलं: २ टाके मिळून. मिळून की एकत्र? सुईवर दोरा घ्यायचा, तर 'दोरा पुढे' लिहायचं की 'जाळी घ्या'? फेरीची सुरुवात ओळखायला सुईत जे कडं अडकवतात, त्याला काय म्हणू? चूक झाली तर किती मागे यायचं हे ठरलेलं असावं म्हणून अधूनमधून टाक्यांमधून एक वेगळा दोरा ओवून ठेवतात, तो? ह्यांनी पुढ्यात चहा ठेवला तेव्हा कागदावर चार ओळी होत्या आणि चारही खोडलेल्या.

पन्नास वर्षं मी मराठी घरात, मराठी बायकांत विणतेय. साठ-सत्तर स्वेटर सहज झाले असतील. आणि मला अर्ध्या पानाची कृती माझ्या भाषेत लिहिता येईना. लाज वाटली ती याची.

मग माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. तीत माझ्या आत्याची वही आहे. मी बारा वर्षांची असताना तिनेच मला टाके घालायला शिकवलं, सायकलच्या चाकाच्या तारांवर, कारण सुया मोडेन अशी तिला भीती होती. थंडीच्या तोंडावर बायकांच्या मासिकांत विणकामाचे नमुने यायचे, ते ती उतरवून घ्यायची. जांभळ्या शाईत, बारीक अक्षरात. पान उलटता उलटता हाताला लागलं: 'लाटेची वीण. टाके १८ च्या पटीत.' आणि खाली: '(२ ए.) ३ वेळा, (दो. पु., १ सु.) ६ वेळा, (२ ए.) ३ वेळा.' बाजूला पेन्सिलने: 'काठाला सुंदर दिसते. घट्ट विणू नये.'

पाचशे रुपयांचा नमुना, टाक्याला टाका तोच.

सु. म्हणजे सुलट, उ. म्हणजे उलट, ए. म्हणजे एकत्र, दो. पु. म्हणजे दोरा पुढे. सगळे शब्द होते, त्यांचे संक्षेपही होते. कोणी विद्वानाने बसून घडवलेले नव्हते, मासिकं आणि बायका यांच्यात येता-जाता ठरलेले होते. त्यानंतर ती पानं छापायची बंद झाली. स्वेटर दुकानात स्वस्त मिळायला लागले, लुधियानाहून गाड्या भरून यायला लागले, आणि घरी विणणं हे रिकामटेकडेपण ठरलं. आता पुन्हा तरुण मुलं विणायला लागलीत, पण मधली सांधणारी पिढी नाही. जी येतात ती दोन दरवाजांनी येतात. एक इंग्रजी नमुन्यांचा, दुसरा हिंदी व्हिडिओंचा. माझ्या ओट्यावर गुरुवारी दुपारी सहा मुली आणि एक इंजिनिअरिंगचा मुलगा शिकायला येतात. त्यातली एक "आजी, फंदा निसटला" म्हणते, दुसरी "माझा वायओ विसरला" म्हणते. "टाका गळला" म्हणणारी मी एकटी. मुलगा विचारतो, "आजी, टाका म्हणजे कुठे टाकू?"

मला हिंदीचा राग नाही, फंदा शब्द चांगलाच आहे. पण टाका गळला यात जे दिसतं ते मला फंद्यात दिसत नाही. गळणं म्हणजे वरून खाली. सुईवरून सुटलेला टाका खरोखर गळतोच, ओळीओळीने खाली घरंगळत जातो आणि मागे शिडीसारख्या पायऱ्या सोडतो. शब्द उच्चारला की हात आपोआप खालच्या ओळीकडे जातो. शिकवणाऱ्याचं अर्धं काम शब्द करतो.

लोक म्हणतील, इंग्रजीच शिकवा ना त्या मावशींना, पंचवीस तर संक्षेप आहेत. माझ्या भाचीनेच म्हटलं. पंचवीस संक्षेप त्या आठवड्यात शिकतील, यात शंका नाही. पण नमुन्यात संक्षेपांच्या मधे वाक्यं असतात, आणि चूक होते ती वाक्यांत. शिवाय इंग्रजी म्हणजे एकच काहीतरी आहे हाही भ्रम. माझ्याकडच्या एका मुलीने अमेरिकन नमुना घेतला, त्यात सुई ८ नंबर लिहिली होती. तिने मेन रोडवरून ८ नंबरच्या सुया आणल्या. आपल्याकडे जुने विलायती नंबर चालतात, त्यात ८ नंबर म्हणजे चार मिलिमीटर. अमेरिकेत ८ नंबर म्हणजे पाच. एक मिलिमीटर ऐकायला काय, पण शंभरेक टाक्यांत तो वाढत जातो. भावासाठी केलेला स्वेटर भावाच्या मुलाला झाला. आपल्या नंबरांची आणखी एक खोड: आकडा वाढला की सुई बारीक होते. १२ नंबर ही ८ पेक्षा बारीक. अमेरिकेत बरोबर उलट. क्रोशात तर याहून गोंधळ, तिथे एकाच नावाचा टाका विलायतेत एक आणि अमेरिकेत दुसरा. हे सगळं मराठीत कुठेतरी एका पानावर छापलेलं असायला नको?

आणि संक्षेप काही आकाशातून पडलेले नाहीत. एडिंबरोत जेन गोगेन नावाच्या बाईंचं लोकर-भरतकामाच्या सामानाचं दुकान होतं. त्यांनी १८४० साली विणकामाचं पुस्तक काढलं आणि त्यात स्वतःची अक्षरं योजली. त्याआधी छापलेले नमुने फारसे नव्हतेच, बायका एकमेकींच्या हाताकडे बघून शिकत. दुकानदार बाईने आपल्या गिऱ्हाइकांसाठी जे केलं, तेच पुढे बदलत बदलत जगभर चाललं. जपान्यांनी त्याहून पुढची मजल मारली. चौकटीच्या कागदावर प्रत्येक टाक्याला एक खूण, आणि त्या खुणा देशाच्या औद्योगिक मानकांत बसवल्या. जपानी लिपीतलं अक्षरही न कळणारा माणूस जपानी पुस्तकावरून विणू शकतो. माझ्या इंजिनिअर विद्यार्थ्याने याच खुणांवरून पहिल्या महिन्यात मोजे केले. पण त्या खुणांनाही नाव लागतं. मावशी भिंतीपलीकडून विचारतात, "आता पुढं काय?" तेव्हा मी खूण ओरडून सांगू शकत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आमच्या कॉलनीत पेढे वाटले, मी दोन खाल्ले. त्यानंतरच्या भाषणांत शिलालेख, ताम्रपट, गाथा सप्तशती यांची नावं वारंवार ऐकली. ती घ्यायलाच हवीत. पण भाषा ताम्रपटावर टिकून राहते आणि शिवणाच्या डब्यातून निघून जाते, असंही होऊ शकतं. गवंडी, सुतार, शिंपी, लोहार, स्वयंपाकघर, विणकाम, या सगळ्यांच्या कृतीची क्रियापदं ही कुठल्या परिसंवादाचा विषय होत नाहीत. विणकामाची तर नाहीतच, कारण ते बायकांचं आणि तेही फावल्या वेळातलं. फावला वेळ कोणाचा? या कौलाचे टाके मी मोजले, काठ धरून ८८ फेऱ्या, १२ हजार ६७२ टाके. पंधरा-सोळा तासांचं काम. हे पाहून शेजारच्या बाई "मलाही एक कर ना, तुला काय, बसल्या बसल्या होतं" म्हणाल्या. मी त्यांना सुया दिल्या. त्या परत आल्या नाहीत, सुयाही नाहीत.

तर शब्दांकडे वळते. आत्याच्या वहीत जे आहे ते आम्ही तसंच ठेवलं. जे नाही, ते मावशींनी आणि मी मिळून ठरवलं. जोडी दोन प्रकारची असते, एक उजवीकडे कलते, एक डावीकडे. इंग्रजीत दोन्हींची नावं वेगळी, कानाला एकमेकींशी संबंध न लागणारी. आमच्याकडे 'उजवी जोडी' आणि 'डावी जोडी'. परतीसाठी ओवून ठेवायचा दोरा हा 'खुणेचा दोरा'. सुईत अडकवायच्या कड्याला मावशी 'नथ' म्हणाल्या आणि ते एका क्षणात ठरलं, कारण ते सुईच्या नाकात नथीसारखंच लोंबतं. विणून झाल्यावर भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवायचं, त्याला 'टाचून वाळवणं'. यात शोध लावल्याचा आव नाही. आणखी कोणाच्या घरात याहून चांगले शब्द असतील, तर आमचे आम्ही मागे घेऊ.

टाचून वाळवण्यावरून एक सावधगिरी. खऱ्या लोकरीची जाळी पाण्यात भिजवून ताणली की वाळल्यावर ताणलेलीच राहते, भोकं उघडतात, लाट दिसते. आपल्या बाजारात बहुतेक लोकर ऍक्रिलिकची. ती पाण्याला दाद देत नाही, वाफेला देते. मी माझं पहिलं कौल लवकर व्हावं म्हणून थेट इस्त्रीखाली घातलं. इस्त्री टेकली तिथे जाळी मेली. चकाकणारं, लुळं, ओल्या पापडासारखं झालं. ते अजून जपून ठेवलंय, गुरुवारी दाखवायला. वाफ वरून द्यावी, इस्त्री कापडाला टेकवू नये.

आता मावशींना जे लिहून दिलं ते इथे उतरवते. पेपरात विणकामाची कृती छापून येत असे त्याला फार वर्षं झाली. संपादकांनी एवढी जागा द्यावी.

लोकर चार पदरी, सगळे रंग मिळून शंभर ग्रॅमच्या आत. गोल सुई १० नंबर, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, लांबी २४ इंच. १४४ टाके सैल हाताने घाला. पीळ पडू न देता गोल जोडा, सुरुवातीला नथ अडकवा. दर १८ टाक्यांना आणखी एकेक नथ घातलीत तर माझ्यासारखी लाट सरकणार नाही. काठासाठी चार फेऱ्या: उलट, सुलट, उलट, सुलट. मग वीण चार फेऱ्यांची. पहिली फेरी सुलट. दुसरी फेरी सुलट. तिसरी जाळीची: (२ ए.) ३ वेळा, (दो. पु., १ सु.) ६ वेळा, (२ ए.) ३ वेळा, असं आठदा. चौथी फेरी उलट. या चार फेऱ्या वीस वेळा करा. रंग बदलायचा तो नेहमी पहिल्या सुलट फेरीला. उलट फेरीला नवा रंग जोडलात तर आधीच्या रंगाचे ठिपके वर येतात. दर वीस फेऱ्यांनी जाळीनंतरच्या उलट फेरीत खुणेचा दोरा ओवा. शेवटी पुन्हा काठाच्या चार फेऱ्या, आणि टाके सैल मिटवा. घट्ट मिटवलेत तर डोक्यातून जाणार नाही.

मावशींचं कौल माझ्याआधी चार दिवस पूर्ण झालं. त्यांनी आमसुलीच्या जागी गुलबक्षी घेतला आणि तो जास्त शोभतो.

या निमित्ताने एक विनंती. आई, आत्या, मावशी, सासूबाई यांच्या वह्या तुमच्याही माळ्यावर असतील. कोणाच्या वहीत बाजूला पेन्सिलने काही लिहिलेलं असेल. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्याआधी विणकामाची पानं फोनवर टिपून घ्या. आणि गळ्यातल्या या गोल कड्याला तुमच्या घरी काही नाव असेल, तर तेही कळवा. तोवर आमच्याकडे ते कौलच आहे.